तेरा पायऱ्या खाली

मी भित्री आहे असं माझ्या क्लासच्या मुलींना सांगितलं तर त्या तोंडावर हात ठेवून हसतील. कुणाची शिलाई तिरकी गेली की माझा आवाज असा चढतो की खालचा रिक्षावाला मान वर करून बघतो. कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दुमजली बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर मी राहते. पुढच्या खोलीत शिवणक्लास, मागच्या खोलीत मी. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. अकरा मुली येतात. एक बुरखा दाराशी काढून खुंटीला लावते, दोघी डोंगराकडच्या ठाकरवाडीतून चालत येतात, बाकीच्या गावातल्या. त्यांच्या आया मला बाई म्हणतात आणि डोळे मिटून पोरी माझ्याकडे धाडतात. हा विश्वास मी वीस वर्षं जपला होता, आणि गेल्या ऑक्टोबरात माझा सगळा जीव त्यातच अडकला होता.

ऑक्टोबर म्हणजे आम्हा कॅथलिकांचा जपमाळेचा महिना. आमच्या भागात कॅथलिक घरं मोजून आठ. नेरळला दोन, खोपोलीला तीन आणि मधली आम्ही तीन. मारियामातेची एक मूर्ती महिनाभर या घरांतून फिरते. हातभर उंच, निळ्या झग्याची, काचेचं दार असलेल्या लाकडी पेटीत उभी. दोन दिवस एका घरी मुक्काम, रोज संध्याकाळी तिच्यासमोर माळ म्हणायची, मग सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे, आणि तिसऱ्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने पुढच्या घरी पोचवायची. कुठे माळ मल्याळीत होते, कुठे कोकणीत. माझ्याकडे मराठीत, कारण माझे वडील नगरकडचे. रेल्वेत खलाशी म्हणून कर्जतला आले आणि इथलेच झाले. माझं घर फेरीतलं शेवटचं, म्हणून महिना संपेपर्यंत माता माझ्याकडेच असते.

दरवर्षी मी या दिवसांची वाट बघायचे. यंदा मात्र पेटी घरात आली आणि मी आधी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

त्याला कारण माझा धाकटा भाऊ. तो खोपोलीत कारखान्यात आहे. बारा वर्षांपूर्वी तो आमचं चर्च सोडून एका प्रार्थनासभेत गेला आणि तेव्हापासून आम्हा बहीणभावाची एका जागी बसून प्रार्थना झालेली नाही. त्याला आमच्या मूर्ती चालत नाहीत, मला त्याचं रस्त्यात उभं राहून येशूचं सांगणं चालत नाही. उन्हाळ्यात तो आणि त्याचे तिघे-चौघे एका वाडीवर प्रार्थनेला गेले होते. काही माणसांनी त्यांना अडवलं, धर्म बदलायला आलात म्हणून आरडाओरडा केला, पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं आणि मग सोडून दिलं. एवढंच झालं. पण कुणीतरी व्हिडिओ काढला होता. आठवडाभर माझ्या भावाचा घामेजलेला चेहरा सगळ्या तालुक्याच्या मोबाईलवर फिरत होता. एका मुलीची आई फी द्यायला आली तेव्हा तिने सहज विचारावं तसं विचारलं, ते तुमचेच भाऊ ना बाई? मी हो म्हटलं आणि लगेच, आमचं जाणं-येणं नाही, असंही म्हटलं. दुसरं खोटं होतं.

त्या दिवशी ती गेल्यावर मी पुढच्या खोलीतला क्रूस उतरवला आणि मागे कपाटावर नेऊन ठेवला. भिंतीवर त्याच्या जागी कटिंगचा तक्ता लावला. कुणी काही विचारलं नाही. मुली आपल्या मापं घेत राहिल्या.

आता खालच्या मजल्यावरची शेजारीण. तिची आणि माझी एकाच वर्षी या बिल्डिंगमध्ये आलो तेव्हापासूनची गट्टी. ती मूळची खालापूर तालुक्यातली, बोलणं सरळ आणि जोरात. माझा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस माझ्या घरात तिच्याच हातचं जेवण आलं. आमच्यात तेरावा नसतो हे तिला कुणी सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तिची एकुलती एक मुलगी त्या वेळी बाळंतपणासाठी माहेरी आलेली. सातवा महिना. पहिलं पोर पाचव्या महिन्यात गेलेलं, दुसरं जन्मलं आणि चौथ्या दिवशी गेलेलं. डॉक्टरने पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलेलं. शेजारणीने देवाचं एक दार सोडलं नव्हतं. कुलदेवीला नवस झाला, गावदेवीला झाला, खोपोलीच्या बाजूच्या एका दर्ग्यावर चादर चढवून झाली.

माता माझ्याकडे आली त्याच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती वर आली. पेटीसमोर उभी राहून तिने हात जोडले. मूर्तीकडे बघतच ती म्हणाली, "तुज्या या मायला येक दिवस आमच्याकडं बसव की गं. पोरीला वर चडता येत नाय. तिनंच सांगितलंय मला."

माझा हात चण्यांच्या पातेल्यात होता, तो तिथेच थांबला. फादरांना विचारावं लागेल, असं मी म्हटलं. ती बरं म्हणून गेली.

फादरांना मी विचारलंच नाही. फोन दोनदा हातात घेतला, दोनदा खाली ठेवला. सबबींना काय तोटा! मूर्ती फक्त आपल्या घरांत फिरते, असं मी स्वतःला सांगितलं. मग म्हटलं, ही तिला हळदकुंकू लावेल, ओटी भरेल, नवस बोलेल, आपल्या मातेला गावदेवी करून टाकेल, हे बरं नव्हे. ऐकायला फार धार्मिक वाटतं हो. पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती मला भाजी चिरताना, मशीन चालवताना, सारखी दिसत होती. मुलीच्या सासरचं कुणीतरी भेटायला येतं. पोटुशी सून, उशाशी ख्रिस्ती मूर्ती, शेजारी मी हातात माळ घेऊन. कुणीतरी मोबाईल वर धरतो. मग ठाकरवाडीच्या त्या दोघी येत नाहीत, मग बुरख्याची खुंटी रिकामी राहते, मग एकामागून एक सगळ्याच. आणि मी त्या पोरींच्या आयांसमोर उभी राहून शपथा घेतेय की मी कुणाला बाटवलं नाही.

बुधवारी माझ्या हातून दोन ब्लाउजांचे गळे उलटे कापले गेले. गुरुवारी सकाळी ती जिन्यात भेटली. मी तिच्याकडे न बघता सांगितलं, फादर नको म्हणाले.

मला वाटलं ती भांडेल. तिने भांडावं अशी माझी इच्छा होती. ती नुसती मान हलवून म्हणाली की त्यांचा नियम असेल, त्यात तुझा काय दोष, तू वाईट वाटून घेऊ नकोस. वर माझ्या दंडावर हात फिरवला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या जिन्यात कळलं.

त्या संध्याकाळपासून ती रोज वर यायला लागली. माय खाली येत नसेल तर मी वर येते, एवढंच म्हणाली. उंबऱ्याजवळ पाय मुडपून बसायची, गुडघे दुखत असून. मी माळ म्हणायचे ती ऐकायची आणि मग खाली जाऊन मुलीला सांगायची. काय सांगायची देव जाणे. एकदा मी चण्याची वाटी द्यायला जिन्यापर्यंत गेले तर खालून तिचा आवाज येत होता. ती मुलीला सांगत होती की या मायला एक देवदूत येऊन सांगून गेला होता पोर होणार म्हणून, डॉक्टरच्या आधी. मला हसू आलं आणि रडूही आलं. वीस वर्षांत मी तिला माझ्या धर्मातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. जे तिने उंबऱ्यावर बसून उचललं ते तिचं तिने उचललं होतं.

आणि मी काय करत होते? ती आली की दार लोटून घ्यायचे. डास येतात म्हणायचे. खिडक्याही लावायचे. माळ इतक्या हळू म्हणायचे की एकदा तिने कानाला हात लावून मला खूण केली, ऐकू येत नाही म्हणून.

मध्ये भावाचा फोन आला. त्याला हे सगळं मी का सांगितलं कोण जाणे, पण दुसरं सांगणार कुणाला! मला वाटलं तो मूर्तीवरूनच सुरू करेल, आणि त्याने केलंच. मूर्ती काय द्यायची, बायबलातलं वचन दे, तारणारा कोण ते सांग, वगैरे वगैरे. मी वैतागून फोन ठेवणार होते, तेवढ्यात तो थांबला आणि जरा वेगळ्या आवाजात बोलला. म्हणाला, त्या दिवशी ठाण्यात बसलो होतो ताई, तेव्हा मला भीती वाटली, पण लाज नाही वाटली. तुला लाज वाटतेय का? मी त्याला म्हटलं, तुझ्यामुळे माझ्यावर ही पाळी आली, आणि फोन ठेवला. दोन दिवस त्याच्यावर चरफडले. शहाणा समजतो स्वतःला. पण प्रश्न काही जाईना.

जिन्यातल्या त्या गुरुवारनंतरच्या दुसऱ्या रविवारी मी चर्चला गेले. मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, संपल्यावर फादर दाराशी सगळ्यांचे हात हातात घेत उभे होते. तरुण आहेत, वसईकडचे, थोडे लाजाळू. त्यांनी मला बाजूला बोलावलं. बुधवारी एक बाई शेअर रिक्षा करून चर्चला आली होती म्हणाले. बाहेरच्या पायरीवर चपला काढून उभी होती. फादर बाहेर आल्यावर तिने त्यांची माफी मागितली. आमच्याकडून काही चूक झाली असंल तर पोरीवर राग धरू नका, मायला यायला जमत नसंल तर निदान तुमी आशीर्वाद धाडा, असं ती म्हणत होती. फादरांना आधी काही उमगेना. उलगडा झाल्यावर त्यांनी तिला सांगितलं की मला कुणी काही विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तर मी नाही कशाला म्हटलं असतं?

हे सांगताना ते चिडले नव्हते. चिडले असते तर मी उलट बोलले असते, मला ते जमतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्हाला कुणाची भीती वाटते?"

मी म्हटलं, सगळ्यांची. मग तिथेच, लोक बाहेर पडत असताना, मला रडू फुटलं. फादरांनाही भीती वाटत असावी, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण त्यांची नजर एकदा गेटकडे गेली ती मी बघितली.

परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. ती बुधवारी चर्चला गेली. म्हणजे मी खोटं बोलले हे तिला बुधवारी दुपारीच कळलं. आणि बुधवारी संध्याकाळी ती वर आली होती. गुरुवारी आली होती. शुक्रवारी, शनिवारीही आली होती. उंबऱ्याजवळ बसली होती, माझ्या लोटलेल्या दाराआड, माझी कुजबुज ऐकत. शनिवारी तर जाताना म्हणाली होती, आज तुझा आवाज बसलेला वाटतो, हळदीचं दूध घे. एकदाही, एका शब्दाने, तिने मला तोंडघशी पाडलं नव्हतं.

घरी आल्यावर मी साडीही बदलली नाही. पेटी उचलली. भर दुपार होती, रविवार, बिल्डिंगमधली सगळी माणसं घरात, दारं उघडी. पेटी जड असते. दोन्ही हातांनी छातीशी धरूनच न्यावी लागते, पदराखाली लपवता येत नाही. दोन पायऱ्या उतरले तर समोरून सोसायटीचा सेक्रेटरी वर येत होता. पाण्याच्या टाकीचं बघायला निघाला असावा. त्याने पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं काय घेऊन निघालात. चार दिवसांपूर्वी मी शिलाईचं सामान म्हटलं असतं.

मी सांगितलं, ही आमची मारियामाता. खालच्या मुलीला बघायची आहे, म्हणून नेते आहे. तिच्याजवळ प्रार्थना करणार आहे.

तो बाजूला सरकला. जपून उतरा म्हणाला, आणि वर गेला. त्याच्या मनात काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर क्लासला दहाच मुली आल्या. अकराव्या मुलीचं लग्न ठरलं असं बाकीच्या सांगतात. असेलही. मी कुणाला खोदून विचारलेलं नाही, पण सकाळी पोरी येईपर्यंत मी आजही जिन्यातली पावलं मोजत बसते.

शेजारीण दारातच होती. पेटी बघून तिने घाईघाईने पदर डोक्यावर घेतला. मी तिला तिथेच सांगायला लागले, की फादर काही म्हणाले नव्हते, मीच, मला भीती. तिने मला पुरं बोलू दिलं नाही.

"जिन्याला तेरा पायऱ्या हायेत," ती म्हणाली. "तेवड्या उतरायला तुला बारा दिवस लागले. तुला वाटलं तरी कसं गं, आमी कुनापुढं तुजं नाव घेऊ, हिनं बाटवलं म्हनून?"

तिने माझ्या हातातून पेटीचा अर्धा भार घेतला आणि आम्ही दोघींनी मिळून ती आतल्या खोलीत नेली.

मुलगी डाव्या कुशीवर पडलेली होती. चेहरा सुजलेला, पाय उशीवर. पलंगाजवळच्या स्टुलावर तिच्या आईने धुतलेला टॉवेल अंथरला. मी जिला भीत होते ती हळदकुंकवाची कोयरी तिथेच होती. तिने काच उघडली आणि माझ्याकडे बघितलं, लावू का म्हणून. मी मान हलवली. काय बिघडणार होतं? आपल्या देवींना ती ज्या मायेने लावते त्याच मायेने तिने लावलं.

मग मी माळ म्हटली. दार उघडं होतं आणि मी नेहमीच्या आवाजात म्हटली, तरी प्रत्येक दशकाला, म्हणजे माळेच्या दर दहा मण्यांना, माझे कान बाहेर जात होते. कुणाचीतरी चप्पल वाजली की जीभ अडखळायची. प्रार्थनेत मारियेच्या पोटच्या फळाला धन्य म्हटलंय. ते येईल तेव्हा मुलीचा हात आपोआप पोटावर जायचा. दुसऱ्या दशकात तिच्या ते लक्षात आलं, चौथ्यात ती ओठ हलवून माझ्याबरोबर तेवढंच म्हणायला लागली. तिची आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

संपल्यावर मला वाटलं आता चणे आणावेत. मी उठणार, तेवढ्यात मुलीने विचारलं, "मावशी, हिचं पोर जगलं का गं?"

इतकी वर्षं मी रविवारी बाकावर बसते. लहान मुलांना दोन वर्षं धर्माचे पाठ शिकवलेत. हा प्रश्न मला असा कुणी विचारला नव्हता. आमच्यात तो कुणी विचारतच नाही, सगळ्यांना उत्तर माहीत असतं. मी तिच्या आईकडे बघितलं. तिने डोळे उघडले होते आणि माझ्याकडे रोखून बघत होती. हो म्हण, असं ती डोळ्यांनी विनवत होती. आणि देवाशपथ सांगते, हो माझ्या तोंडात आलं होतं. दोन पोरं गमावलेल्या, सातव्या महिन्यात अंथरुणाला खिळलेल्या मुलीला दुसरं काय सांगतात? एक खोटं पचलं होतं, आणखी एकाने काय होणार होतं?

"नाही," मी म्हटलं. "तेहतीस वर्षांचा होऊन गेला. लोकांनी मारला त्याला. ही तिथंच उभी होती, त्याच्या पायाशी. शेवटपर्यंत हलली नाही."

शेजारणीने तोंडाला पदर लावला. मुलीची नजर माझ्यावरून सरली नाही.

"तिसऱ्या दिवशी तो उठला," मी म्हटलं. "हे कुणाला पटतं, कुणाला नाही पटत. मला पटतं. मी मानते."

हे वाक्य मी माझ्या माणसांबाहेर कुणाहीसमोर त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. आता ती हे हसण्यावारी नेईल, नाहीतर रडेल, नाहीतर पेटी न्यायला सांगेल, अशा तयारीने मी बसले होते. हे लिहितेय तेव्हा तिचा आठवा सरत आला आहे आणि पुढचं आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. त्या दिवशी तर काहीच ठाऊक नव्हतं.

तिने पोटावरचा हात काढून काचेच्या दारावर ठेवला.

"म्हंजे हिला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मग ऱ्हाऊ दे हिला हितंच."

पडल्यापडल्या तिला मूर्तीचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून मी स्टूल थोडं पलंगाकडे ओढलं आणि पेटी तिच्याकडे वळवून ठेवली.